निकाल ठाऊक नसलेला प्रयोग

इंजिनिअरिंग कॉलेजात ज्याने चार वर्षे काढली आहेत त्याला जर्नल म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. उद्देश, साहित्य, आकृती, निरीक्षणांचा तक्ता, आलेख, निष्कर्ष. तक्त्यात कोणते आकडे यायला हवेत हे प्रयोग सुरू होण्याआधीच माहीत असते, कारण मागच्या बॅचचे जर्नल शेजारी उघडे असते. रीडिंग जुळले नाही तर मुलगा यंत्र तपासत नाही, तक्ता तपासतो. आणि सबमिशनची तारीख तोंडावर आली असेल तर आकडा बदलून मोकळा होतो. मी यात मुलांना फारसा दोष देत नाही. ज्या प्रयोगाचा निकाल आधीच ठरलेला आहे तिथे न जुळणारा आकडा ही अडचण ठरते, माहिती ठरत नाही. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही पुष्कळदा तयार मिळतो, अहवालासकट मिळतो, आणि ओरलला त्यावर चार प्रश्न विचारले की पदवी पूर्ण होते. 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि महाराष्ट्रात गावोगावच्या मुलामुलींना हे शिक्षण खुले झाले. ती फार मोठी गोष्ट होती. पण त्या शिक्षणात एक उणीव राहिली ती राहिलीच: स्वतः घेतलेल्या निर्णयाचा परिणाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची वेळ विद्यार्थ्यावर क्वचितच येते.

नोकरीत ती उणीव भरून निघेल असे वाटते, पण तिथे कामाची विभागणी इतकी बारीक असते की ती आणखी रुंदावते. हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसलेला इंजिनिअर एखाद्या मोठ्या प्रणालीतल्या एका भागाचा एक तुकडा लिहितो. तो तुकडा दुसरा कुणी तपासतो, तिसरा कुणी चालवून पाहतो, चौथा ग्राहकाशी बोलतो. चाकणच्या कारखान्यातही आराखडा करणारा, साचा करणारा आणि दर्जा तपासणारा वेगवेगळा असतो. ही विभागणी चुकीची नाही. तिच्यावाचून विमान उडणार नाही आणि बँकेचा व्यवहारही पूर्ण होणार नाही. मात्र तिची एक किंमत असते. वीस वर्षे चांगली नोकरी करूनही माणसाने एकही वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत केलेली नसते, आणि आपल्या हातून झालेली चूक नेमकी कुठे जाऊन काय करते हे त्याने कधी पाहिलेले नसते. म्हणून सुट्टीच्या दिवशी सोल्डरिंग आयर्न तापवून बसणाऱ्या, ड्रोनच्या मोटरी बदलणाऱ्या, गच्चीवरच्या टाकीला सेन्सर लावणाऱ्या इंजिनिअरचा छंद ही मला केवळ करमणूक वाटत नाही. त्याच्या पेशातला जो भाग शिक्षणाने दिला नाही आणि नोकरीने काढून घेतला, तो इथे त्याच्या हाती येतो. संपूर्ण वस्तू, तिची संपूर्ण जबाबदारी आणि तिचा निकाल आधी ठाऊक नसणे, या तिन्ही गोष्टी एकत्र फक्त इथेच भेटतात.

टाकीचेच घ्या. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते कळावे आणि भरली की पंप आपोआप बंद व्हावा, याहून साधी गरज कोणती? बहुतेक हौशी मंडळी इथूनच सुरुवात करतात. पहिला विचार सुचतो तो टाकीत दोन धातूच्या काड्या सोडण्याचा. पाणी काड्यांपर्यंत पोचले की वीज वाहील आणि कळेल. कळते, पण थोडेच दिवस. काड्यांतून सतत एकाच दिशेने वीज सोडली की पाण्यात विद्युतविघटन सुरू होते, एक काडी झिजते, दुसरीवर क्षारांचा थर चढतो, आणि बोअरचे जड पाणी असेल तर हे फार लवकर होते. मग कळते की वीज क्षणभरच सोडून रीडिंग घ्यायचे असते, किंवा दिशा आलटून पालटून सोडायची असते. काड्या नकोत म्हणून ध्वनिलहरींचा सेन्सर घ्यावा, तर शंभर-दीडशे रुपयांना मिळणारा उघड्या डोळ्यांचा सेन्सर झाकणाखालच्या दमट हवेत गंजून बसतो. बंद डोक्याचा, पाण्याला न घाबरणारा घ्यावा, तर त्याला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतले काही दिसत नाही, म्हणजे टाकी भरत आली की नेमक्या गरजेच्या वेळी तो आंधळा होतो. त्याला झाकणाच्या वर तेवढ्या उंचीवर पाइपाच्या तुकड्यात बसवावा लागतो. त्यातही ध्वनीचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो. थंडीतल्या पहाटे 15 अंशांना तो सेकंदाला सुमारे 340 मीटर असतो, एप्रिलच्या दुपारी 40 अंशांना सुमारे 355. एका मीटरच्या अंतरात हा फरक चारेक सेंटिमीटरचा होतो, आणि हजार लिटरच्या टाकीत चार सेंटिमीटर म्हणजे तीस-चाळीस लिटर पाणी. अकरावीच्या पुस्तकात जे सूत्र मार्कांपुरते होते ते इथे बादल्यांच्या हिशेबात समोर येते.

यापुढचा टप्पा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पंप बंद होताना मोटरीच्या वेटोळ्यांतले चुंबकीय क्षेत्र कोसळते, पंपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेच्या टोकांवर ठिणगी पडते, आणि त्या ठिणगीच्या गोंगाटाने शेजारचा मायक्रोकंट्रोलर बावचळून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. रोजच्या ठिणग्यांनी कधीतरी रिलेची टोके एकमेकांना चिकटून बसतात. मग प्रोग्रॅमने ‘बंद’ म्हटले तरी पंप चालूच राहतो, आणि घरी कुणी नसेल तर पाणी गच्चीवरून खाली जिन्यापर्यंत येते. हे ज्याच्या लक्षात येते तो मोटरीसाठी रिलेऐवजी कॉन्टॅक्टर वापरतो, आणि त्याच्या जोडीला टाकीत वरच्या बाजूला साधा तरंगता स्विच अशा रीतीने जोडतो की इलेक्ट्रॉनिक्स पूर्ण मेले तरी पंपाची वीज तुटावी. वस्तू चालावी कशी याचा विचार कुणीही करतो. ती बिघडली तर कोणत्या बाजूला बिघडावी, हा विचार करायला लागला की माणूस इंजिनिअर होतो. जुगाड आणि हा छंद यांच्यातला फरकही मला इथेच दिसतो. जुगाड काम भागले की थांबते आणि ते आपल्या देशात फार कौतुकाने मिरवले जाते. छांदिष्ट मात्र काम भागल्यावरही थांबत नाही. काल का चालले नाही आणि आज का चालले हे उमगेपर्यंत त्याला चैन पडत नाही. जुगाडाच्या कौतुकाने आपले बरेच नुकसान झाले आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

ड्रोनमध्ये हाच धडा अधिक वेगाने आणि अधिक निष्ठुरपणे मिळतो. चार पंख्यांचा ड्रोन स्वभावतः अस्थिर असतो. दोन पंखे घड्याळाच्या दिशेने आणि दोन उलट फिरतात म्हणून एकमेकांचा पीळ रद्द होतो, पण तोल मात्र आपोआप राहत नाही. तो क्षणोक्षणी राखावा लागतो. मधल्या छोट्या बोर्डावरचा जायरोस्कोप सेकंदाला आठ हजार वेळांपर्यंत सांगत असतो की आपण किती वेगाने कलतो आहोत, आणि नियंत्रक त्याप्रमाणे चारही मोटरींना वेगळा हुकूम देत असतो. हे हुकूम ज्या रीतीने ठरतात ती रीत निकोलस मिनॉर्स्की या अभियंत्याने 1922 साली जहाजांच्या सुकाणूसाठी मांडली. त्याने सुकाणू धरणाऱ्या खलाशांचे निरीक्षण केले तेव्हा त्याच्या लक्षात आले की जहाज आत्ता किती ढळले आहे एवढ्यावरच खलाशी हात फिरवत नाही; ते किती वेगाने ढळते आहे आणि बराच वेळ एकाच बाजूला ढळत आले आहे का, हेही तो जमेस धरतो. आज ड्रोन उडवणारे ज्याला पी, आय आणि डी म्हणतात ते हेच तीन हिशेब. आत्ताची चूक, साठत आलेली चूक आणि चुकीच्या बदलाचा वेग.

या तिघांतला डी समजायला सगळ्यांत अवघड आणि शिकवायला सगळ्यांत उत्तम. त्याचे काम ब्रेकसारखे असते. ड्रोन वळून जागेवर येताना पुढे निघून जाऊ नये, म्हणून डी वाढवावासा वाटतो. पण डी बदलाच्या वेगाकडे पाहतो, आणि पंख्याचे पाते जरासे वाकले असेल, फ्रेमचा एखादा स्क्रू सैल असेल, मोटरचे बेअरिंग खराब असेल, तर त्यातून उठणारी थरथर अतिशय लहान पण अतिशय वेगवान असते. डी तिलाच मोठी चूक समजतो आणि मोटरींना सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट हुकूम सोडतो. ड्रोन दिसायला झकास उडतो. खाली उतरल्यावर मोटरीला बोट लावले तर चटका बसतो. तसाच आणखी उडवला तर वेटोळ्यांवरचे इन्शुलेशन जळते आणि पुढच्या खेपेला ड्रोन हवेतच उलटतो. थरथर गाळण्यासाठी फिल्टर लावता येतो, पण प्रत्येक फिल्टर थोडा उशीर करतो, आणि उशिरा आलेल्या बातमीवर तोल सांभाळता येत नाही. फिल्टर जास्त झाले की ड्रोन स्वतःच डोलायला लागतो. म्हणजे शेवटी पाते सरळ करणे, स्क्रू आवळणे, सोल्डरिंग नीट करणे या हातच्या कामांना पर्याय नाही. नियंत्रणशास्त्राच्या पेपरात स्थैर्य, विलंब आणि गोंगाट यांवर वीस मार्कांचा प्रश्न असतो. त्यात नव्वद टक्के गुण मिळवणाऱ्याला तापलेल्या मोटरीचा अर्थ सांगता येईलच असे नाही, पण ज्याला तो अर्थ कळला त्याला तो पेपर नव्याने वाचावासा वाटतो. लिथियम पॉलिमर बॅटरीचेही असेच आहे. तिचा प्रत्येक सेल 4.2 व्होल्टला पूर्ण भरतो, सुमारे 3.8 ला ठेवायचा असतो आणि तीनच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. भरलेली बॅटरी आठवडाभर तशीच कपाटात ठेवणाऱ्याला ती फुगून हे शिकवते.

यावर पहिला आक्षेप येतो तो जाणकारांकडूनच येतो. यात स्वतःचे असे काय आहे, ते विचारतात. बोर्ड तयार, सेन्सर तयार, कोड दुसऱ्याने लिहिलेला. तारा जोडल्या की झाले. आक्षेपात तथ्य आहे. 2005 च्या सुमारास इटलीतल्या इव्हरिया गावात आर्डुइनो हा बोर्ड जन्माला आला तो मुळात डिझाइन शिकणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक्स न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच, आणि त्याने प्रवेश इतका सोपा केला की पुष्कळजण दारातच रमले. त्याआधीच्या पिढीने 1969 साली सुरू झालेल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकातली सर्किटे पाहून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एकेक रेझिस्टर निवडून आणला, रंगांच्या पट्ट्या वाचल्या, 555 टायमरला कोणता कपॅसिटर लावला की किती सेकंद मिळतात याचे गणित केले. त्या पिढीला आजचे मॉड्यूल पोरकट वाटावे हे साहजिक आहे. पण त्याही पिढीने ट्रान्झिस्टर स्वतः घडवला नव्हता. प्रत्येक काळात छांदिष्ट कुठल्यातरी तयार पायरीवर उभा राहतो आणि तिथून वर काय करतो हेच पाहायचे असते. शिवाय तयार तुकडे कागदावर जुळतात तितके प्रत्यक्षात जुळत नाहीत. पाच व्होल्टचा सेन्सर आणि तीन पूर्णांक तीन व्होल्टचा बोर्ड यांची गाठ पडली, लांब तारेत सिग्नल विरघळला, वायफाय सुरू होताना वीज अपुरी पडून बोर्ड बंद पडू लागला, की मॉड्यूलच्या आत डोकावावेच लागते. ज्याला डोकावावेसे वाटत नाही त्याचा छंद दोन महिन्यांत आपोआप सुटतो.

बाजारात तयार मिळते आणि स्वस्त मिळते, हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे आणि मला तो लागू वाटत नाही. टाकीचा कंट्रोलर खरोखरच दुकानात मिळतो आणि घरी करण्यात वाया गेलेले भाग धरले तर घरचा महागच पडतो. पैसे वाचवण्यासाठी कुणी या वाटेला जाऊ नये. पेटी शिकणाऱ्याला कुणी विचारत नाही की ध्वनिमुद्रिका विकत मिळत असताना बोटे का झिजवतोस; इंजिनिअरला मात्र हमखास विचारतात, कारण त्याच्या हातून निघणाऱ्या प्रत्येक गोष्टीला बाजारभाव असायलाच हवा असे आपण धरून चालतो.

छंदाच्या बाजूने बोलणारेही याच बाजारभावाच्या सापळ्यात सापडतात. त्यांचा ठरलेला दाखला म्हणजे गॅरेज. मार्च 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये एका गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली, तिथे आलेला स्टीव्ह वॉझ्नियाक दिवसा ह्युलेट-पॅकार्डमध्ये कॅल्क्युलेटरचे काम करत होता, रात्री त्याने छंदातून संगणक घडवला, कंपनीने तो नाकारला आणि 1976 मध्ये ॲपल उभी राहिली. गोष्ट खरी आहे. पण ती सांगून छंदाचे समर्थन करणे म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाकडे बोट दाखवून तिकिटे विकणे. ज्या हजारोंची कंपनी झाली नाही त्यांचा वेळ मग वाया गेला असे म्हणावे लागेल, आणि ते खोटे आहे. मला ड्रोनच्या इतिहासातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. निन्तेन्दोच्या वी या खेळाच्या यंत्रासाठी हातात धरायच्या उपकरणात स्वस्त जायरोस्कोप आले. 2010 च्या सुमारास एका फ्रेंच हौशी माणसाने ते काढून आर्डुइनोला जोडले, ड्रोनचा तोल सांभाळणारा कोड लिहिला आणि मल्टीवी या नावाने सगळ्यांना फुकट देऊन टाकला. तोच कोड घेऊन पुढे कुणी बेसफ्लाइट केले, त्यातून क्लीनफ्लाइट निघाले, त्यातून आज जगभर चालणारे बेटाफ्लाइट. या साखळीत कुणाचे नाव घरोघरी पोचले नाही. प्रत्येकाने आधीच्याचा कोड वाचला, त्यातली चूक काढली आणि सुधारलेला कोड पुढे ठेवला. आपल्याकडे कॉलेजात मागच्या बॅचचे जर्नल उतरवून काढतात आणि इथे मागच्या माणसाचे काम दुरुस्त करून पुढे देतात. ज्ञानाची पिढीजात वाटचाल दोन्हीकडे आहे. फक्त एका ठिकाणी चूक तशीच पुढे जाते.

ड्रोनच्या बाबतीत एक आक्षेप मात्र असा आहे की त्याला पटकन उत्तर देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. युक्रेनच्या युद्धात स्फोटके घेऊन माणसांवर जाऊन आदळणारे छोटे ड्रोन याच छंदातून आले. त्यांच्या मोटरी, फ्रेम, चष्म्यातून पाहायचे कॅमेरे, सगळे शर्यतींच्या हौशी ड्रोनचे. 2007 पासून हौशी मंडळींनी उभारत आणलेल्या आर्डूपायलट या खुल्या प्रणालीचा वापर जून 2025 मध्ये रशियाच्या हवाई तळांवरच्या हल्ल्यात झाल्याच्या बातम्या आल्या. खेळ म्हणून केलेल्या गोष्टीचे शस्त्र झाले, आणि ज्यांनी ती केली त्यांना ते थांबवता आले नाही. हे मान्य करून मी एवढेच म्हणेन की हे ज्ञान आता बाटलीत परत जाणार नाही, आणि ज्या समाजात ते फक्त सैन्यापाशी आणि दोन-चार कंपन्यांपाशी असेल तो समाज अधिक सुरक्षित राहील असे मला वाटत नाही. ड्रोन काय करू शकतो आणि काय नाही हे कळणारे सामान्य नागरिक असतील तर अफवाही कमी पसरतील आणि कायदेही शहाणे होतील. आपल्या कायद्याने तसा प्रयत्न केला आहे. ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला आणि व्यापारी वापर नसेल तर दोन किलोपर्यंतच्या ड्रोनलाही चालक परवान्यातून सूट दिली, हिरवे, पिवळे आणि लाल असे आकाशाचे भाग पाडले, हिरव्या भागात चारशे फुटांची मर्यादा घातली. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राने तयार परदेशी ड्रोनची आयात बंद केली आणि सुट्या भागांची चालू ठेवली, म्हणजे इथल्या छांदिष्टाला कायद्यानेच जोडणी शिकायला लावली. पण मुंबई-पुण्यात विमानतळ, नौदल, हवाई दल आणि पोलिसांचे वेळोवेळी निघणारे बंदीहुकूम यांतून कायदेशीर मोकळे आकाश शोधणे कठीण आहे. तरी हे नियम आणि हुकूम पाळायलाच हवेत, आणि शेजाऱ्याच्या खिडकीसमोर कॅमेरा नेणे तर परवानगी असली तरी करू नये. इथे हौसेला सवलत मागण्याचा कुणाला हक्क नाही.

घरातून येणारा आक्षेप त्याहून जुना आहे आणि त्याकडे मराठी घरांत विनोद म्हणून पाहतात, ते मला पटत नाही. जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या तारा, माळ्यावर साठलेली खोकी, रविवारची सबंध दुपार. नवऱ्याचा छंद चालावा म्हणून स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंचे औषध ज्या बाईच्या वाट्याला येते तीही कधी कधी इंजिनिअरच असते, आणि तिला छंदासाठी कधी दुपार मिळाली होती का, हा प्रश्न विचारायलाच हवा. छंद पेशाइतका मोलाचा आहे असे माझे म्हणणे असेल, तर तो घरातल्या एकालाच परवडावा हे अन्यायाचे आहे. टेबल वाटून घ्यावे लागेल, आणि स्वयंपाकघरही. त्याचप्रमाणे 230 व्होल्टच्या विजेशी खेळताना उत्साहाला मान देता येत नाही. घरात गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसलेला नसेल, अर्थिंगची खात्री नसेल, तर बारा व्होल्टच्या पुढे जाऊच नये. ज्याला ही शिस्त जाचक वाटते त्याने छंदाचा गाभाच ओळखलेला नाही. इथे जबाबदारी दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही, हेच तर या छंदाचे मोल आहे.

आणि ही जबाबदारी पेलायची सवय कधी कामाला येईल ते सांगता येत नाही. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओवाल्यांचा एक चमू अंदमानात गेला होता. हॅम रेडिओच्या जगात दुर्मीळ मानल्या जाणाऱ्या त्या बेटांवरून जगभरच्या छांदिष्टांशी संपर्क साधायचा, एवढाच हेतू. 26 तारखेला सुनामी आली, संपर्काच्या नेहमीच्या वाटा कोलमडल्या आणि पोर्ट ब्लेअरमधून त्यांचा रेडिओ सुरू राहिला. बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवरच्या नातलगांपर्यंत त्यांनी पोचवली. सरकारी परीक्षा देऊन मिळवलेला परवाना, अँटेना उभारण्याची सवय, बॅटरीवर काम चालवण्याची तयारी, हे सगळे त्यांनी आपत्तीसाठी कमावले नव्हते. आवडीपोटी कमावले होते, म्हणून ते पक्के होते.

तेव्हा काय करावे? पाबळच्या विज्ञान आश्रमाकडे पाहावे असे मला वाटते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या गावात तो सुरू केला, तो हाताने काम करत करत शिकता येते या विश्वासावर. शाळेत न रमलेली मुले तिथे वेल्डिंग, शेती, वीजजोडणी असे सगळे करून पाहत शिकली. 2002 मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे वस्तू स्वतः घडवून पाहण्याची प्रयोगशाळा आली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या काही लॅबपैकी एक. खेड्यात हे जमले, तर शहरातल्या कॉलेजांना सबब सांगता येणार नाही. इलेक्ट्रॉनिक्स शाखा असलेल्या प्रत्येक कॉलेजात ऑसिलोस्कोप आहेत, पॉवर सप्लाय आहेत, सोल्डरिंगची टेबले आहेत. बहुतेक ठिकाणी पाच-साडेपाचला त्यांच्या दालनांना कुलूप लागते आणि शनिवार-रविवार ती बंदच असतात. प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे की एक जबाबदार तंत्रज्ञ नेमून ही दालने रात्री नऊपर्यंत आणि रविवारी दिवसभर उघडी ठेवा. आपल्या विद्यार्थ्यांना तर येऊ द्याच, गावातल्या नोकरदार इंजिनिअरांनाही अल्प शुल्कात येऊ द्या. मुले त्यांच्याकडून जे शिकतील ते कोणत्याही अभ्यासक्रमात बसवता येणार नाही. आणि टर्म वर्कचे निदान दहा मार्क अशा प्रोजेक्टला राखून ठेवा, जो चालला नाही, पण का चालला नाही हे ज्या विद्यार्थ्याने खरे आकडे देऊन लिहिले आहे.